पिवळा कनेक्टर दिसला की आधी हात थांबवा

पावसाळा लागला की आपल्याकडं गॅरेजला एक ठरलेलं काम येतंय, पाण्यात उभी राहिलेली गाडी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा सगळ्याच फुगल्या आणि गोकाक, चिकोडी, निपाणीकडच्या गाड्या टोचन करून यायला लागल्या. मॅटिंग काढायचं, सीट खोलायच्या, उन्हात टाकायच्या, हे काम पोरं डोळे झाकून करतेत. पण एअरबॅगच्या गाडीत ते डोळे झाकून करायचं काम नव्हे. नवीन गाडीला ड्रायव्हरची एअरबॅग २०१९ च्या जुलैपासून सक्तीची झाली, नंतर शेजारच्या सीटची पण झाली, म्हणजे आता साध्यातली साधी गाडी जरी आली तरी तिच्यात हे सामान आहेच.

बॅग म्हणजे नुसतं कापड नव्हे. तिच्या मागं इन्फ्लेटर असतोय, त्यात फटाक्यातल्यासारखी स्फोटक दारू भरलेली असते, करंट मिळाला की ती पेटते आणि ३०-४० मिलिसेकंदात बॅग पूर्ण फुगते, पापणी लवायच्या आत. समोर तोंड असलं तर तोंड, हात असला तर हात. सीट बेल्ट खेचणाऱ्या प्रीटेन्शनरमध्ये पण अशीच दारू असते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतंय, बेल्टचा खांब खोलताना सरळ हातोडी मारतेत.

म्हणून सुरुवात बॅटरीपासनं. इग्निशन बंद, किल्ली बाहेर, मग मायनस टर्मिनल काढायचं आणि ते परत चिकटू नये म्हणून कापड गुंडाळून बाजूला ठेवायचं. आणि आता थांबायचं. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे बॅग कधी फोडायची ते ठरवणाऱ्या कंट्रोलच्या डबीत, कपॅसिटर असतोय, ॲक्सिडेंटमध्ये बॅटरी तुटली तरी बॅग फुटावी म्हणून तो करंट धरून ठेवतोय, त्यामुळं बॅटरी काढली म्हणजे सगळं मेलं असं नाही. कुठल्या कंपनीचं मॅन्युअल ९० सेकंद म्हणतंय, कुठलं ३ मिनिटं. मी सरळ १० मिनिटं थांबतो, तेवढ्यात एक चहा होतोय. गिऱ्हाईक दारात उभं राहून घाई करालंय म्हणून ही १० मिनिटं कमी करायची नाहीत.

सीटखाली किंवा स्टिअरिंगखाली पिवळा कनेक्टर किंवा पिवळ्या पाइपातली वायर दिसली की ती एअरबॅगची समजायची. कनेक्टरचं लॉक आधी उचलायचं, मग कनेक्टर धरून ओढायचं, वायर धरून नाही. त्या कनेक्टरच्या आत एक बारीक पट्टी असते, तो निघाला की ती पट्टी दोन्ही पिना शॉर्ट करते, म्हणजे अंगातल्या स्टॅटिकनं बॅग फुटू नये. ती पट्टी पिनेनं उचकायची नाही. बॅगला हात लावायच्या आधी गाडीच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प थेट बॅगच्या पिनांना कधीही लावायचा नाही, मीटरचा तेवढा करंट पण घातक ठरू शकतोय. फॉल्ट बघायचा तर स्कॅनरनं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून फॉल्ट वाचणाऱ्या यंत्रानं.

स्टिअरिंगची बॅग काढली की तिचं कव्हर, म्हणजे लोगोची बाजू, अंगापासनं लांब धरून न्यायची, छातीशी कवटाळून नव्हे. टेबलावर ठेवताना लोगो वर, आणि वर काही ठेवायचं नाही, साधा पाना पण नाही. पालथी ठेवली आणि फुटली तर आख्खी बॅग रॉकेटसारखी छताला जाईल. ऑइल, पाणी, वेल्डिंगच्या ठिणग्या यांच्यापासनं लांब, उन्हात तर नकोच. स्टिअरिंग काढणार असाल तर चाकं सरळ करून क्लॉक स्प्रिंगला, म्हणजे स्टिअरिंगमागच्या गोल डबीत गुंडाळलेल्या वायरच्या पट्टीला, आधी टेप मारा, ती एक फेरा जरी जास्त फिरली तरी नंतर वळणावर आतली पट्टी तुटते आणि हॉर्न, एअरबॅग दोन्ही जातंय.

आता पाण्याच्या गाडीकडं. एअरबॅगचं मॉड्यूल बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली फरशीवर बसवलेलं असतंय, म्हणजे मॅटिंग भिजलं की ते पण भिजलेलं धरा. अशा गाडीत 'चालू होतीय काय बघूया' म्हणून चावी फिरवायची नाही. पाणी शिरलेलं मॉड्यूल हेअर ड्रायरनं वाळवून परत लावायचं नाही, नवीनच घालायचं, गिऱ्हाइकाला महाग वाटतंय ते मला पण कळतंय पण इथं दुसरा रस्ता नाही. बसवताना वरचा बाण गाडीच्या पुढच्या बाजूला, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, आणि मॉड्यूल सुटं असताना इग्निशन चालू करायचं नाही.

सगळं जोडून झाल्यावर बॅटरी लावायची, गाडीत कुणी बसू नये, बाहेर उभं राहून खिडकीतनं हात घालून चावी फिरवायची, बॅगच्या समोर डोकं न्यायचं नाही. मीटरवर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदात विझला पाहिजे. तसाच राहिला तर फॉल्ट. आणि लागलाच नाही तरी फॉल्टच.

फुटलेली बॅग काढताना आधी थंड होऊ द्या, मग हातमोजे, चष्मा, मास्क घाला, ती पांढरी पूड डोळ्याला आणि कातडीला झोंबते. न फुटलेली बॅग भंगारवाल्याला द्यायची नाही, तिथं गॅस कटर चालतंय, कंपनीच्या वर्कशॉपलाच परत करा. भंगारातनं आणलेली बॅग दुसऱ्याच्या गाडीत बसवायची पण नाही.

गेल्या वर्षी एका गाडीचा हॉर्न वाजेना म्हणून स्टिअरिंग खोललं. वर लोगोचं कव्हर चकाचक, खाली बॅगच नाही. मॉड्यूलला बॅग आहे असंच वाटावं म्हणून पिवळ्या कनेक्टरच्या दोन पिनांत एक रेझिस्टर पिळून घातलेला, वर काळी टेप. दिवा अगदी वेळेवर लागायचा आणि विझायचा. गाडीच्या मालकाचे घरातले दोन वर्षं त्याच गाडीतनं लेकरांना घेऊन चोर्ला घाट उतरून गोव्याला जात होते. मी ते कव्हर हातात घेऊन त्या मालक मामांना दाखवलं तर ते कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत.

तेव्हापासनं जुनी गाडी बघायला कुणी मला नेलं तर मी दिव्यावर भागवत नाही. स्कॅनर लावतो, डॅशबोर्डच्या कव्हरची शिवण आणि लोगोच्या कडा बोटानं चाचपतो, बेल्ट पूर्ण बाहेर ओढून तळाशी चिखलाची रेघ आहे काय बघतो, आणि सीटच्या बाजूला एअरबॅगचं लेबल असेल तर त्याच्यावरनं साधं सीट कव्हर शिवलेलं आहे काय ते पण, कारण शिवलेलं असलं तर ती बॅग नीट बाहेरच येणार नाही.