बीटी कपाशी आहे, तरी कैरीत (हिरव्या बोंडात) अळी? या चुका टाळा

जुलैअखेर जळगाव, धुळे भागात कुठल्याही शिवारात जा, एक वाक्य ऐकू येतं: "बीटी आहे, आता अळीची चिंता नाही." खरं नुकसान या विश्वासातूनच सुरू होतं.

बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या जमिनीतल्या जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं, म्हणून ती बीटी. झाड स्वतःच क्राय प्रथिन तयार करतं. अळीने पान किंवा बोंड कुरतडलं की ते तिच्या पोटात जातं, आतडं फुटतं आणि ती मरते. याचा अर्थ मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांना बीटीचं काहीच वाटत नाही. या किडी रस शोषतात, त्यांच्यासाठी वेगळी पाहणी लागते. तुडतुडे दिसल्यावर "बियाणं बोगस निघालं" म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

आता मोठी चूक, आणि ती मीही केली आहे. 450 ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत 120 ग्रॅम साध्या कपाशीचं छोटं पाकीट यायचं. आपण ते बांधावर फेकलं, नाहीतर तुटाळ्या (बी न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरायला वापरलं. ते होतं आश्रय पिकासाठी. बीटी खाऊनही जगलेल्या मोजक्या पतंगांना साध्या कपाशीवरचे पतंग जोडीदार मिळावेत, म्हणजे पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडेल, हा त्यामागचा हिशोब. हिरव्या बोंडअळीला तूर, हरभराही चालतो. गुलाबी अळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते. तिच्यासाठी आश्रय ठेवला नाही, तर बीटी पचवणाऱ्याच अळ्या उरतात. 2002 मध्ये एक जनुकाची बीटी आली, 2006 मध्ये दोन जनुकांची बोलगार्ड-2. 2017 च्या हंगामात गुलाबी अळीने महाराष्ट्रभर दोन जनुकांची कपाशीही पोखरली. आता साधं बी पाकिटात मिसळूनच येतं, ते निवडून काढू नका.

दुसरी चूक आपल्या खान्देशची खास आहे: ठिबकवर मे महिन्यातच लागवड. पहिल्या पावसानंतर कोषातून पतंग निघतात. तेव्हा शेतात पाते (कळ्या) आणि फुलं नसतील, तर अंडी घालायला जागा न मिळून ते मरतात. आपण मात्र आधीच मांडव घालून ठेवतो. लागवड जूनमध्येच करा.

पाहणीत कुचराई नको. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा आणि त्यातली वासाची गोळी, म्हणजे ल्यूर, वेळेवर बदला. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली. डोमकळी, म्हणजे न उमललेलं, पाकळ्या गुंडाळलेलं फूल दिसलं की तोडून चुरडा. अधूनमधून वीस हिरव्या कैऱ्या फोडून बघा, कारण आत शिरल्यावर अळीचं छिद्र बुजतं आणि बाहेरून कैरी निरोगी दिसते.

एचटीबीटीच्या (तणनाशक सहन करणाऱ्या बीटीच्या) नावाने बिनपावतीचं बियाणं घेऊ नका. त्याला परवानगी नाही, आणि तणनाशक सहन करण्याचा गुण अळीपासून काही वाचवत नाही.

फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी पाणी देऊन पुढे राखण्याचा, मोह मला कळतो. भाव चढा असतो, पाणी असतं, दोन वेचण्या आणखी होतील असं वाटतं. पण वय झालेल्या झाडात प्रथिन कमी होतं आणि अळीला सलग अन्न मिळतं. डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या घाला. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) सरपणाला म्हणून घरामागे रचायची असेल, तर आधी तिच्यावरची किडकी बोंडं वेचून जाळा. अळी त्यातच झोपून राहते, पुढच्या पावसापर्यंत.