डोळे मिटा, असं म्हणण्याआधी

मानसशास्त्रात एमए झालंय, इंटर्नशिप संपत आलीये किंवा नुकतीच एखाद्या संस्थेत नोकरी लागलीये, अशा मुलामुलींचे हल्ली मला मेसेज येतात. विचारणा साधारण एकच: ट्रॉमावर, म्हणजे मनावर बसलेल्या खोल आघातावर, मन आणि शरीर दोन्ही धरून काम करायचंय, सुरुवात कुठून करू? मी कुठून केली ते आधी सांगते, म्हणजे निदान तुम्ही तिथून करणार नाही.

पुण्यातल्या एका संस्थेत माझा दुसरा महिना होता. शनिवार-रविवारची एक कार्यशाळा करून आले होते, प्रमाणपत्र अजून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्येच होतं. समोर चाळिशीतल्या एक ताई (तपशील बदललेत). चौदा वर्षं नवऱ्याचा मार खाल्लेला, दोन वर्षांपासून माहेरी. झोप नाही, छातीत धडधड, कुकरची शिट्टी झाली तरी दचकायच्या. मी मोठ्या उत्साहानं म्हणाले, "डोळे मिटा. श्वासाकडे लक्ष द्या." आणि कार्यशाळेत मिळालेला कागद वाचायला लागले. आता खांदे सैल सोडा, आता पोट सैल सोडा.

ताई अगदी शांत झाल्या. मला वाटलं, जमलं.

चारेक मिनिटांनी मान वर केली. पर्सचा पट्टा त्यांनी इतका आवळला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. छाती हलताना दिसत नव्हती. मी डोळे उघडायला सांगितलं, त्यांनी उघडलेही, पण नजर माझ्या आरपार जात होती. हाक मारली, आज वार कोणता ते विचारलं. उत्तर यायला बराच वेळ लागला. मग "मी निघते" म्हणून त्या उठल्या.

कारण खूप नंतर कळलं. रात्री खाली मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला की त्या डोळे मिटून पडायच्या आणि श्वास रोखून धरायच्या. झोपलीये असं वाटलं तर कदाचित आजची रात्र सुटेल. म्हणजे मी त्यांना नेमकं तेच करायला लावलं होतं, वर "रिलॅक्स" म्हणून.

आता हे जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण पुस्तकात वाचूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. आपण धरून चालतो की शरीर म्हणजे निवांत जागा, फक्त तिकडे लक्ष वळवायचं. पण ज्याच्या अंगावरच सगळं घडलं, त्याच्यासाठी शरीर हीच घटनेची जागा. डोळे मिटले की खोली, खिडकी, तुमचा चेहरा, म्हणजे "आत्ता धोका नाही" असं सांगणाऱ्या सगळ्या खुणा एकदम बंद होतात. उरतात छातीतले ठोके. आणि त्या ठोक्यांचा अर्थ मेंदूनं कधीच ठरवून ठेवलेला असतो. मग माणूस एकतर घाबरून उठतो किंवा गोठतो. उठला तर तुम्हाला कळतं. गोठला तर बाहेरून तो अगदी शांत दिसतो. हा फरक ओळखायला शिका, बाकी सगळं नंतर. सैलावलेल्या माणसाचा श्वास दिसतो, तो आवंढा गिळतो, बूड सरकवून नीट बसतो, कधी जांभई देतो. गोठलेला माणूस यातलं काहीच करत नाही. कागद वाचत असाल तर हे दिसणारच नाही.

हल्ली मी डोळे उघडेच ठेवायला सांगते. आधी खोली बघू द्यायची: दार कुठे, खिडकी कुठे. खुर्ची कुठली ते त्यांनी ठरवायचं. बहुतेक जण दार दिसेल अशी निवडतात. मग तळपाय जमिनीवर दाबणं, हातांनी भिंत ढकलणं. श्वासाला हात लावायचाच तर फक्त उच्छ्वास जरा लांबवायचा, आणि तोही "चालेल का?" असं विचारून. अर्धा मिनिट शरीराकडे, की परत खोलीत. शरीराच्या अंगानं ट्रॉमावर काम करणारे थेरपिस्ट पीटर लेव्हिन यांच्या पद्धतीत हेच आहे, थोडं थोडं आणि मागेपुढे. मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये मांडलेल्या, ट्रॉमातून सावरण्याच्या तीन टप्प्यांत पहिला सुरक्षिततेचा आहे, आठवणींचा दुसरा. आम्ही नवखे थेट दुसऱ्यावर उडी मारतो, कारण तिथे रडू येतं आणि काम झाल्यासारखं वाटतं.

प्रश्नही मराठीत विचारा. "तुम्हाला काय फील होतंय?" याला "काही नाही" हेच उत्तर मिळतं. "पोटात गोळा येतो का? हातपाय गळतात का? छाती भरून येते का?" म्हटलं की माणूस बोलायला लागतो. आपल्या भाषेत भीती आधीपासूनच अंगात राहते, तिला तिथे शोधायला परदेशी शब्द लागत नाहीत. मात्र प्रत्येक धडधड ट्रॉमाची समजू नका. थायरॉइड बिघडलं, हिमोग्लोबिन उतरलं तरी धडधडतं. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यायला सांगा. एकदा मी सांगितलं नव्हतं. त्यावर परत कधीतरी.

योगाबद्दल सगळेच विचारतात. ट्रॉमावर संशोधन करणारे मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या गटाचा 2014 चा अभ्यास वाचा. 64 स्त्रिया, 10 आठवडे, आणि योग हा चालू उपचारांच्या जोडीला होता, त्यांच्या जागी नव्हता. तसल्या वर्गात हुकूम नसतात, "वाटलं तर हात वर घ्या" असं सांगतात. आपल्याकडच्या "पाठ ताठ, हलायचं नाही" या शिस्तीत हे बसत नाही, म्हणून सोसायटीच्या गच्चीवरच्या योगवर्गाला क्लायंटला सरसकट पाठवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 मध्ये पीटीएसडीसाठी (आघातानंतर मागे लागणारा ताणाचा विकार) सुचवलेल्या उपचारांत ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारी पद्धत) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून नजर इकडून तिकडे फिरवायची पद्धत) होते. शरीराचं काम हौसेनं शिका, पण यातलं एक तरी नीट शिकून घ्या.

दोन दिवसांत "ट्रॉमा थेरपिस्ट" बनवणाऱ्या कोर्सांबद्दल माझं मत चांगलं नाही, हे एव्हाना कळलंच असेल. ते पैसे सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी थेरपिस्टकडून आपलं काम तपासून घ्यायला ठेवा. आणि सुपरव्हायझर असा शोधा जो स्वतः अजून क्लायंट बघतो. नुसती स्लाइड दाखवणारा नको. माझ्या मॅडमनी त्या दिवशीची हकिगत ऐकून एकच विचारलं, "तू तेव्हा त्यांच्याकडे बघत होतीस की कागदाकडे?" मी रडले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि फोन करायला लावला.

फोनवर मी ताईंना म्हणाले, त्या दिवशी माझं चुकलं, तुम्हाला न विचारता डोळे मिटायला लावले. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मंगळवारी येऊ का?" तेव्हा घाबरू नका. चूक सगळ्यांकडूनच होते, ती कबूल केली तर बहुतेकदा माणूस परत येतो. सगळेच येतात असं मात्र नाही. माझे दोघं आले नाहीत.

आणखी एक. दोन सेशनच्या मध्ये दहा मिनिटं मोकळी ठेवाच. समोरच्याचं गोठणं आपल्या खांद्यांत येऊन बसतं, संध्याकाळी मान वळत नाही. मी जिन्यानं दोन मजले उतरते आणि परत चढते. वॉचमनकाका अजूनही विचारतात, "मॅडम, लिफ्ट बंद पडली का परत?"