एसटीडी व्हेक्टर, क्यूलिस्ट की स्वतःचा क्लास? कंटेनर असा निवडा

समजा सावद्याच्या केळी व्यापाऱ्यासाठी सी प्लस प्लसमधे छोटं सॉफ्टवेअर करताय, स्क्रीन क्यूटीची (खिडक्या-बटणं बनवायची सी प्लस प्लस लायब्ररी), रोज कोणाच्या मळ्यातला माल भरला, किती क्विंटल, काय भाव, एवढं साठवायचंय. हा डेटा ठेवायचा कशात, म्हणजे कंटेनर कोणता? आपल्या जळगाव-धुळ्याकडची नवीन पोरं इथंच जोशात येऊन स्वतःचा लिस्ट क्लास लिहायला बसतात. थांबा भो, आधी हे करा.

पायरी १: डेटाचं काय करणार ते कागदावर लिहा. भर शेवटी पडते का मधे घुसवावं लागतं, शोधायचं कशावरून, क्रम लागतो का, आणि एखाद्या एंट्रीचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) कोणी धरून ठेवणार का. हे शेवटचं सगळे विसरतात आणि पुढे तिथंच अडकतात.

पायरी २: आख्खा प्रोग्रॅम आधी स्टँडर्डमधे (भाषेसोबतच येणारी एसटीडी लायब्ररी) लिहा. रोजची यादी व्हेक्टरमधे (सगळं सलग ठेवणारी यादी), खाते नंबरवरून शेतकरी शोधायचा तर अनऑर्डर्ड मॅप (नंबर दिला की थेट एंट्री देणारा), तो सी प्लस प्लसच्या २०११ च्या स्टँडर्डपासून आहेच. आकड्याचा अंदाज असेल तर आधीच जागा रिझर्व्ह करा, नाहीतर जागा संपली की व्हेक्टर मोठी जागा घेतो (जीसीसी कंपायलरमधे दुप्पट, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमधे दीडपट) आणि सगळं तिकडे हलवतो. मधे घुसवायचंय म्हणून लगेच लिंक्ड लिस्टकडे पळू नका, तिचे नोड मेमरीत विखुरलेले असतात, छोट्या एंट्र्यांना व्हेक्टरच बहुतेकदा पुढे राहतो.

पायरी ३: क्यूटीचे कंटेनर कुठपर्यंत ते ठरवा. क्यूलिस्ट, म्हणजे क्यूटीची यादी, कॉपी केली तरी आतला डेटा शेअर राहतो, कोणी बदल करायला गेलं की मग खरी कॉपी होते, त्यामुळे यादी इकडून तिकडे द्यायला एकदम स्वस्त. गंमत पुढे आहे. यादी शेअर झालेली असताना कॉन्स्ट नसलेल्या क्यूलिस्टवर साधा रेंज फॉर फिरवला, अगदी नुसती बेरीज करायला, तरी सगळी कॉपी होते, कारण साधं बिगिन मागितलं की तिला वाटतं तुम्ही बदलणारच. म्हणून लूपमधे एसटीडी ॲज कॉन्स्ट लावा. आणि २०२० च्या क्यूटी ६ पासून क्यूव्हेक्टर आणि क्यूलिस्ट एकच झालेत, तेव्हा 'क्यूव्हेक्टरच वापरा' म्हणणारी जुनी ट्युटोरियलं सोडून द्या. माझं म्हणाल तर स्क्रीनला आणि सिग्नलला (क्यूटीत एका भागाने दुसऱ्याला धाडलेला निरोप) क्यूलिस्ट, हिशोबाचा सगळा कोड स्टँडर्डमधे, आणि दोघांची गाठ एकाच ठिकाणी, नाहीतर जागोजागी कन्व्हर्जन करत बसाल.

पायरी ४: मोजा. रिलीज बिल्डमधे (गिऱ्हाइकाला द्यायचा, वेगासाठी बनवलेला), भर हंगामाएवढा डेटा घालून. मायक्रोसॉफ्टच्या डीबग बिल्डमधे (चुका शोधायचा) इटरेटरची, म्हणजे यादीत फिरणाऱ्या खुणेची, तपासणी चालू असते, तिथं मोजून 'एसटीएल (हे स्टँडर्ड कंटेनर) स्लो आहे' म्हणणारे खूप भेटतील.

पायरी ५: मॅपच अडवतोय असं दिसलं तर तयार लायब्ररी घ्या. स्टँडर्डचा अनऑर्डर्ड मॅप वाढला तरी एंट्रीचा पत्ता बदलत नाही, ही हमी पाळायला प्रत्येक एंट्री वेगळी ठेवावी लागते आणि वेग तिथंच जातो. गूगलच्या ॲबसेल लायब्ररीमधला फ्लॅट हॅश मॅप सगळं सलग ठेवतो म्हणून सहसा पळतो चांगला, पण वाढताना एंट्र्या हलतात आणि धरलेला पॉइंटर बाद होतो. पायरी १ चा कागद इथं काढा.

पायरी ६: एवढं करूनही स्वतःचाच लिहायचा असेल तर लिहा, पण टाइपला यूझिंगने एक नाव देऊन ठेवा म्हणजे उद्या परत बदलता येईल, बिगिन, एंड, साइझ नेहमीच्याच नावांनी द्या, आणि लायब्ररी दुसऱ्यांना देणार असाल तर हा क्लास पब्लिक फंक्शनमधे दाखवू नका, तिथं सी प्लस प्लस २० चा स्पॅन (सलग डेटा कॉपी न करता नुसता दाखवणारा) घ्या. टेस्ट ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) लावून चालवा. पहिली टेस्ट ही: यादी काठोकाठ भरा आणि तिचीच पहिली एंट्री तिच्यातच पुश बॅक करा, म्हणजे शेवटी जोडा. घरच्या क्लासमधे बहुतेक वेळा जुनी जागा आधी फ्री होते आणि मग तिथूनच वाचायला जातात, म्हणजे भावाच्या जागी कचरा. एसटीडी व्हेक्टर हे बरोबर सांभाळतो.