काळजीनं चढलेली साखर

सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या पावसाळ्यात माझी उपाशीपोटीची साखर १३० वरून १८० वर गेली. भात कमी, चहा बिनसाखरेचा, गोळी वेळेवर. तरी आकडा उतरेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोप किती होते?" तेव्हा उलगडा झाला. मन धास्तावलं की अंगात कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात, लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं, इन्सुलिनचा जोर कमी पडतो. पोटात घासही न जाता साखर चढते.

म्हणून आधी पंधरा दिवस वही ठेवा. ग्लुकोमीटरच्या आकड्याशेजारी ताणाला दहापैकी गुण द्या आणि कारण लिहा. माझे मोठे आकडे 'रात्री तीनदा उठले' या नोंदीशेजारी निघाले.

मग स्नायू ढिले सोडायला शिका. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांची ही पद्धत जवळपास शंभर वर्षांची आहे. दुपारची भांडी आवरली की दार लोटून खुर्चीत टेकून बसा. उजवी मूठ पाच सेकंद आवळा, एकदम सोडा आणि वीस सेकंद हाताचा जडपणा नुसता अनुभवा. मग डावी मूठ, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. श्वास कोंडू नका. जबड्यापाशी जास्त वेळ द्या. आपण बायका गिळतो ते बोलणं तिथंच साठतं, असं मला वाटतं. पायाला जखम असेल किंवा डोळ्यांच्या पडद्यावर उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

ड्यूक विद्यापीठाच्या २००२ च्या अभ्यासात अशा शिकवणीच्या पाच बैठकांनंतर वर्षभराने एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) सुमारे अर्धा टक्का कमी दिसलं. औषध मात्र सोडायचं नाही.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. धडधड, घाम, हाताला कंप हे घाबरल्यावर होतं, तसंच साखर उतरल्यावरही होतं. पाळी जाण्याच्या वयातला घामही तसाच. तेव्हा डोळे मिटून बसण्याआधी बोट टोचा. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन-चार लहान चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.

रडू थांबतच नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि घरात मदत मागा. बुधवार-रविवारच्या रात्री आईंजवळ झोपाल का, हे भाऊजींना विचारायला मला तीन महिने लागले. ते लगेच हो म्हणाले.