फिट आली तर काय करायचं, आणि घराचा खर्च कसा आवरायचा

कुणाला फिट आली की लोक आधी कांदा नाहीतर चप्पल शोधतात, प्लीज ते करू नका, त्याने काहीच थांबत नाही. आधी घड्याळ बघा. टोकदार सामान बाजूला सारा, डोक्याखाली ओढणी-शर्ट काहीतरी मऊ ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा म्हणजे लाळ श्वासात अडकत नाही. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीच घालायचं नाही आणि हातपाय दाबून धरायचे नाहीत. 5 मिनिटांच्या वर गेलं किंवा शुद्ध न येता परत आली तर थेट 108 लावा.

आता पैशाचं, कारण घर खरं तिथंच खचतं. गोळ्यांनी बरं वाटतं म्हणून पैसे वाचवायला गोळी बंद करतात, मग परत फिट, पडून डोकं फुटतं, सीटी स्कॅन, अ‍ॅडमिट, पेशंटचा रोज बुडतो आणि सोबतच्याचाही! नीट उपचार मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात, असं डब्ल्यूएचओ सांगते. म्हणून गोळी मनानं बंद करू नका, परवडत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, सरकारी दवाखान्यात विचारा. फिटची तारीख-वेळ वहीत लिहा, जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा, निदानाला फार उपयोग होतो.

आणि लग्न जमणार नाही म्हणून पोरीचा आजार लपवू नका, मिरगी म्हणजे हा फिटचा आजार असेल तर लग्न चालत नाही, ही हिंदू विवाह कायद्यातली अट 1999 लाच काढलीय.