कर्ज थकले तर या चुका टाळा: दिवाळखोरी, वसुली दाखला आणि सावकाराचे खरेदीखत

यवतमाळ, वर्धा, बुलढाण्याकडील गावांत थकीत कर्जाचा विषय निघाला की दोनच सल्ले मिळतात: कर्जमाफी येईपर्यंत थांबा, किंवा न्यायालयात जाऊन दिवाळखोर व्हा. दोन्ही सल्ल्यांत, कर्ज नेमके कोणाचे आहे हा पहिला प्रश्न विचारलाच जात नाही. राष्ट्रीयीकृत बँक, गावची सेवा सहकारी सोसायटी, पतसंस्था आणि सावकार यांच्या वसुलीचे मार्ग वेगवेगळे आहेत, आणि त्यामुळे सुटकेचे मार्गही वेगळे आहेत.

सर्वांत पसरलेला गैरसमज 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेविषयी आहे. या संहितेत गरीब कर्जदारासाठी नव्या सुरुवातीची तरतूद आहे हे खरे. वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांपर्यंत आणि पात्र कर्ज 35,000 रुपयांपर्यंत अशा तिच्या मर्यादाही कायद्यात छापलेल्या आहेत. परंतु ती तरतूद अमलातच आणलेली नाही. व्यक्तींसंबंधीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो केवळ कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. त्यामुळे ‘नव्या कायद्याने कर्ज शून्य करून देतो’ असे सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे. अशा हमीदारांना मात्र ही संहिता लागू आहे. शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक म्हणून गोदामाच्या किंवा जिनिंगच्या कर्जावर ज्यांनी वैयक्तिक हमीची सही केली आहे, त्यांनी ती सही केवळ कागदोपत्री आहे असे समजू नये.

इतरांसाठी विदर्भात आजही प्रांतिक नादारी अधिनियम, 1920 हाच कायदा आहे आणि त्याखालील अर्ज जिल्हा न्यायालयात जातो. अर्जासाठी किमान कर्जाची रक्कम 500 रुपये आहे. ती 1920 सालची आहे, यावरून कायद्याचे वय लक्षात यावे. या अर्जातून फार अपेक्षा ठेवणे ही पुढची चूक. गहाण घेणाऱ्याचा गहाण मालमत्तेवरील हक्क कायम राहतो, सरकारी देणे सुटत नाही आणि जामीनदारही मोकळा होत नाही. अर्जापूर्वी भावाच्या किंवा पत्नीच्या नावे शेत करून दिल्यास, नादार (कर्ज फेडू न शकणारा) घोषित झाल्यावर अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांतील असा विनामोबदला व्यवहार रद्द होऊ शकतो. नादार घोषित झाल्यावर ठरलेल्या मुदतीत कर्जातून मुक्ततेचा अर्ज केला नाही, तर घोषणाच रद्द होते. राहते घर, शेतीची अवजारे, गरजेपुरते बैल आणि बियाणे यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मुळे जप्तीपासून संरक्षण आहे, पण त्या यादीत शेतजमीन नाही. माझ्या मते कोरडवाहू शेतकऱ्याला या मार्गाने क्वचितच काही मिळते.

खरे नुकसान होते ते सोसायटीच्या आणि पतसंस्थेच्या कर्जात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली संस्था निबंधकाकडे वसुली दाखल्यासाठी, म्हणजे थकबाकी सक्तीने वसूल करण्याच्या आदेशासाठी, अर्ज करते आणि कर्जदाराला सुनावणीची नोटीस येते. ही नोटीस घरातील कोणीतरी सही करून घेतो, ती पासबुकात घडी घालून ठेवली जाते, आणि हंगामाच्या धामधुमीत तारीख निघून जाते. त्या तारखेला हजर राहून भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या, जादा लावलेले व्याज, किंवा आपली नसलेली सही दाखवता आली असती. दाखला निघाल्यानंतर त्याविरुद्ध पुनरीक्षण (फेरतपासणीचा) अर्ज करायचा तर कलम 154 प्रमाणे वसुलीयोग्य रकमेच्या 50 टक्के आधी भरावे लागतात. ज्याच्याकडे हप्ता भरायला पैसे नाहीत, तो निम्मी रक्कम कोठून आणणार? म्हणून पावत्या घेऊन पहिल्याच तारखेला जावे. संस्था अवसायनात निघाली, म्हणजे बंद करून तिचे हिशेब मिटवायला घेतले, की कर्ज बुडाले, असेही समजू नये. ते काम पाहणारा अवसायक वसुली करतोच.

सावकाराच्या बाबतीत चूक पुष्कळदा कर्ज घेतानाच होते. गहाणखताऐवजी दुय्यम निबंधकाकडे चक्क खरेदीखत नोंदवले जाते, ‘पैसे फेडले की शेत परत लिहून देतो’ हे तोंडी राहते, आणि शेतकरी तेच शेत पेरत राहतो. पुढे भाव वाढला की सावकार ताबा मागतो. अशा वेळी खरेदीखत झाले, आता काही होणार नाही, असे मानून गप्प बसणारे फार आहेत. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 च्या कलम 18 खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. कर्जाच्या तारणापोटी सावकाराकडे गेलेली स्थावर मालमत्ता अर्जाच्या तारखेपासून मागील 15 वर्षांतील असेल तर चौकशी होऊन ती परत मिळू शकते. तेथे नुसती तक्रार पुरत नाही. खरेदीनंतरही सातबाऱ्यावर पेरा तुमच्याच नावाने आहे का, खतातील किंमत त्या वेळच्या बाजारभावापेक्षा किती कमी आहे, व्याज दिल्याची नोंद किंवा साक्षीदार आहेत का, हे जमवून न्यावे. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला 9 टक्के आणि विनातारण कर्जावर 12 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही; शेकडा पाच रुपये महिना हा दर त्यात कोठेच बसत नाही.

 

बँकेशी एकरकमी परतफेडीची तडजोड करताना तोंडी आकड्यावर पैसे भरू नयेत. मंजुरीचे पत्र, त्यातील अंतिम तारीख आणि उरलेली रक्कम सोडल्याचा स्पष्ट उल्लेख आधी हातात घ्यावा. मार्चमध्ये कर्जाचे नवे-जुने (जुने कर्ज नव्या कर्जात फिरवणे) करण्यासाठी पुढे केलेले कागद वाचल्याशिवाय सही करू नये, कारण मुदत संपण्यापूर्वी दिलेली लेखी कबुली वसुलीची मुदत नव्याने सुरू करते. लोकअदालतीतील तडजोडीविरुद्ध अपील नसते, म्हणून पेलणार नाही असा हप्ता तेथे कबूल करणे धोक्याचे ठरते. रक्कम भरल्यावर निल दाखला (बाकी नसल्याचा दाखला) घेऊन तो तलाठ्याकडे द्यावा आणि फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांतील बोजा खरोखर निघाला का, हे नवा उतारा काढून पाहावे.