फ्लूच्या तापात लघवी मोजा

गेल्या जानेवारीत निफाडचा पारा घसरला तशी आमच्या नाशिकच्या सिडकोतही हुडहुडी भरली, आणि त्याच आठवड्यात अण्णांना, माझ्या सासऱ्यांना, फ्लू झाला. मी ताप बघत होते, बोटाला ऑक्सिमीटर लावत होते. थंडीमुळे ते पाणी पीत नव्हते, जेवण तर सुटलंच होतं. त्यात अंग ठणकतं म्हणून मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी तीन दिवस दोन वेळा चालू. चौथ्या दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की वाढतं ते, १.१ वरून २.९! सलाइनवर निभावलं, डायलिसिस लागलं नाही. पण लघवी कमी झालीय हे घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, याची मला अजून रुखरुख आहे.

म्हणून आता फ्लू असो की कोविड, घरातल्या वयस्कर माणसाची, मधुमेह-बीपीवाल्याची लघवी मी मोजते. पाण्याच्या रिकाम्या बाटलीचं तोंड कापायचं, मापाने पाणी ओतत दर १०० मिलीला मार्करने रेघ मारायची. दुधाचा हिशेब लिहितो त्याच कॅलेंडरवर वेळ आणि माप लिहायचं. अण्णांना आधी संकोच वाटला. "डॉक्टरांनी मागितलंय" म्हटल्यावर ऐकलं. हिशेब सोपा आहे: दर किलो वजनामागे तासाला अर्धा मिली. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ७०० मिली तरी व्हायलाच हवी. जागेपणी सहा तास लघवीच नाही, किंवा काळ्या चहासारखी गडद होतेय, तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा दुखण्याच्या गोळ्या मनाने देऊ नका. अंगातलं पाणी आटलेलं असताना या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. उलट्या-जुलाब होत असतील किंवा पोटात काही जात नसेल, तर बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू ठेवायच्या का, हे त्याच दिवशी विचारा. आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

भाताची पेज, ओआरएस घोटघोट देत राहा. किडनीचा किंवा हृदयाचा जुना आजार असेल तर किती पाणी द्यायचं ते विचारून घ्या. आपण आजाऱ्याला हमखास शहाळं नेतो, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनीच्या रुग्णाला ते विचारल्याशिवाय नकोच.

चेहरा-पाय सुजले, दम लागला, माणूस गुंगीत गेला, तर मोजत बसू नका, दवाखाना गाठा. निघताना क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट घ्या. आठवड्यात ०.८ चं १.२ झालं तर कागदावर ते नॉर्मल दिसेल, पण ते आधीच्या दीडपट झालेलं असतं, आणि जुना आकडा समोर असला तरच डॉक्टरांना ते कळतं.